दोन्हीकडे मोजलेले ठिपके

एडमंटनच्या जानेवारीत सूर्याला ठिपके पडतात. पारा शून्याखाली तिशीत गेला की हवेत बर्फाचे बारीक कण तरंगायला लागतात, आणि सकाळी सूर्य जरा वर आला की त्याच्या डाव्या-उजव्या हाताला उजेडाचा एकेक ठिपका दिसतो. इथले लोक गाडी बाजूला घेऊन त्याचे फोटो काढतात. मी काढत नाही. ते ठिपके दिसले की मला भीती वाटते. एवढ्या वर्षांनीही वाटते. म्हणजे वर्षं काही फार नाहीत, पाचच झालीत. पण भीतीला कॅलेंडर कळत नाही.

यंदा ते मागच्या मंगळवारी दिसले. त्याच दिवशी दुपारी ड्यूटीवरून घरी आले, तर प्रज्ञा, माझी लेक, डायनिंग टेबलवर कागद पसरून बसली होती. कागदावर मधोमध मूलद्रव्याचं अक्षर आणि त्याच्या चारी अंगांना इलेक्ट्रॉनचे ठिपके. हायड्रोजनला एक, कार्बनला चार, नायट्रोजनला पाच, ऑक्सिजनला सहा, क्लोरिनला सात. मला हे पाढ्यासारखं पाठ आहे. मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले.

"आई, प्लीज डोन्ट हॉवर," ती मान वर न करता म्हणाली.

घिरट्या घालू नकोस, असं तिला म्हणायचं होतं. मी चहा टाकायला गेले. पण स्वयंपाकघरातूनही तिची पेन्सिल ऐकू येत होती. टुक टुक, टुक टुक. दोन दोन ठिपक्यांच्या जोड्या मांडत होती.

ही पेन्सिल मी सदतिसाव्या वर्षी हातात धरली. त्या हिवाळ्यात अविनाशच्या ऑफिसात माणसं कमी होत होती. अविनाश, माझा नवरा, पाइपलाइनची ड्रॉइंगं करणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर होता. तेलाचे भाव पडले आणि तिथल्या पॅन्ट्रीशेजारच्या छोट्या मीटिंग रूमचा दरवाजा दर आठवड्याला कुणासाठी तरी उघडायला लागला. आत गेलेला माणूस बाहेर यायचा तो हातात पुठ्ठ्याचं खोकं घेऊन. संध्याकाळी घरी आल्यावर अविनाश बूट काढता काढता तेवढंच सांगायचा, "आज तो चिनी पोरगा गेला." "आज आमचा ड्राफ्टिंगवाला गेला." मग हात धुवायचा आणि जेवायला बसायचा. मी विचारायचे, "तुमचं काय?" तर म्हणायचा, "माझं काय बाप्पा, बोलावतील तेव्हा जाईन."

तेव्हाच मी ठरवलं की आपण नर्सिंगला जायचं. ठरवलं म्हणजे कुणीतरी मागून ढकलल्यासारखं झालं. माझं शिक्षण मराठी घेऊन एम.ए. एडमंटनमध्ये त्याचा उपयोग एवढाच की लोकांच्या घरच्या वाढदिवसाला चारोळी करून द्यायची. नर्सिंगच्या कोर्सवाल्यांनी सांगितलं, जागा ठेवतो, पण एप्रिलअखेरपर्यंत केमिस्ट्री ट्वेंटी हा अकरावीचा विषय पासष्ट टक्क्यांनी सोडवून आणा. नाहीतर जागा दुसऱ्याची. मी हो म्हणून सही केली आणि घरी येऊन बाथरूममध्ये नळ सोडून बसले.

केमिस्ट्रीला मी का भ्यायचे, ते सांगते. वर्ध्याला दहावीत असताना विज्ञानाच्या सरांनी फळ्यावर क्लोरिनचा रेणू काढला होता. दोन क्लोरिन, दोघांकडे सात सात ठिपके, दोघांनाही हवेत आठ. सर म्हणाले, दोघेही एकेक इलेक्ट्रॉन मध्ये ठेवतात, त्यांची भागीदारी होते, झाला सहसंयुज बंध. मी हात वर केला. आमच्या बाबांनी मला शिकवलं होतं की कळलं नाही तर विचारायचं, विचारायला आपण कमी नाही. मी विचारलं, "सर, मधले दोन जर दोघांत मिळून असतील, तर दोघांचेही आठ कसे होतील?" सरांनी खडू ठेवला. माझ्याकडे बघितलं आणि अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, "तू पुढे आर्ट्स घे. तुमच्यात तेच सोपं पडतं."

वर्ग हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. सगळ्यांनी वहीत मान घातली, कारण 'तुमच्यात' म्हणजे कुणात, हे सगळ्यांना माहीत होतं. मी खाली बसले आणि पुढे आर्ट्स घेतलं. बाबांना सांगितलं की मलाच आवड आहे. बाबांच्या खोलीत बाबासाहेबांच्या तसबिरीखाली माझ्यासाठी आणून ठेवलेली विज्ञानाची गाइडं होती, ती त्यांनी मुकाट्यानं शेजारच्या मुलाला देऊन टाकली. त्यानंतर मी वर्गात कधी हात वर केला नाही. एम.ए.पर्यंत नाही.

आणि आता हा एडमंटनचा वर्ग. सकाळची नऊची वेळ, बसस्टॉपवर नाकातले केस गोठून टोचायचे, आणि समोर ते ठिपकेवाले सूर्य. बसमध्ये मी पुस्तक उघडायचे ते उलटं आहे की सुलटं हेही बघायचे नाही. वर्गात वीसेक जण, सगळे मोठे, सगळे कुठून कुठून आलेले. माझ्या शेजारी होदान नावाची सोमालियाची बाई बसायची. तिला तीन मुलं आणि भीती शून्य. आमच्या टीचरचं नाव डायॅन. उंच, पिकल्या केसांची, दर पाच मिनिटांनी "एनी क्वेश्चन्स?" विचारणारी. तिनं तसं विचारलं की मी पेनाचं टोपण शोधायला लागायचे.

खरं म्हणजे ती बाई कुणाला कधी टाकून बोलली नाही. पण भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते खोटं नाही, आणि माझा ब्रह्मराक्षस वर्ध्याहून विमानात बसून आला होता. डायॅन फळ्याकडे वळली की मला वाटायचं, आता ही मार्कर ठेवणार आणि समजुतीच्या सुरात बोलणार. इंग्रजीत 'तुमच्यात' ला काय म्हणतात, याचा मी चक्क विचार करून ठेवला होता.

ठिपक्यांचा धडा फेब्रुवारीत आला. पहिल्याच छोट्या चाचणीत प्रश्न तोच, क्लोरिनचा रेणू. मला घाम फुटला. डायॅननं शिकवलं होतं की इलेक्ट्रॉन 'शेअर' करतात. शेअर म्हणजे वाटून घेणं, एवढं इंग्रजी मला येत होतं. आणि वाटणी म्हणजे काय हे मला इंग्रजीशिवायही येत होतं. बाबांची आणि काकांची वाटणी झाली तेव्हा दोन खोल्यांच्या घरात मधोमध भिंत उठली होती, आणि खिडकी नेमकी तिच्या वाटेत आल्यामुळे अर्धी आमच्याकडे, अर्धी त्यांच्याकडे राहिली. दोघांनाही ती नीट उघडता आली नाही. तेव्हा मी मधल्या दोन ठिपक्यांची वाटणी केली. एक ह्याचा, एक त्याचा. मोजले तर दोघांकडे सात सातच. आठ तर व्हायलाच हवेत. मग मी गुपचूप दोघांनाही एकेक ठिपका जास्तीचा दिला आणि पेपर पालथा ठेवला.

डायॅननं मला टेबलाजवळ बोलावलं. "वॅन्डाना," ती म्हणाली. माझं नाव वंदना. "यू हॅव सिक्स्टीन डॉट्स हिअर. सात आणि सात चौदा. हे दोन कुठून आले?" मी म्हटलं, "सॉरी." ती म्हणाली, "सॉरी नको, तू काय विचार केलास ते सांग." मी पुन्हा सॉरी म्हटलं. ती थांबली, मी आणखी एकदा सॉरी म्हटलं, आणि तिनं पेपर परत दिला. वीसपैकी आठ. मी बाथरूममध्ये जाऊन पुन्हा नळ सोडला. सदतीस वर्षांची बाई, एका पोरीची आई, आणि कागदावरच्या दोन ठिपक्यांनी माझी पाचावर धारण बसवली होती.

मार्चभर मी स्वयंपाकघरात फिरायचे ती ठिपके काढत. ग्रोसरीच्या यादीवर, शाळेतून आलेल्या पाकिटांवर, भाकरीच्या पिठात बोटानं. त्यात एक शब्द भेटला, 'लोन पेअर'. ज्या जोडीत दुसऱ्या कुणाचा वाटा नसतो, जी अणूच्या अंगावर तशीच बसून राहते, ती. मी वहीत मराठीत लिहून ठेवलं: एकटी जोडी. लिहिल्यावर हसू आलं. जोडी आहे तर एकटी कशी? मग जेवायच्या टेबलाशी अविनाश समोर बसलेला दिसायचा. तो भातावर वरण घ्यायचा आणि कालवायचा विसरायचा. मी त्याला ऑफिसचं विचारायला भ्यायचे, तो मला चाचणीचं विचारायला भ्यायचा. मध्ये अकरा वर्षांची प्रज्ञा आम्हाला तिच्या शाळेतल्या हॅमस्टरच्या गोष्टी सांगत असायची. आम्ही दोघंही तिच्या हॅमस्टरला भलतीच दाद द्यायचो.

आणि मग एप्रिलच्या सुरुवातीला रामटेकेताईंचा फोन आला.

जयंतीच्या कार्यक्रमाला इथली आमची मंडळी एका कम्युनिटी हॉलमध्ये जमतात. जेवणाची यादी रामटेकेताईंकडे असते. बाई मूळची भंडाऱ्याची, आवाज असा की फोन कानापासून हातभर लांब धरावा. त्यांनी विचारलं, "काय गं वंदना, तुमच्याकडून चारजण येऊन राहिले ना?"

मी म्हटलं, "चार काऊन? आम्ही तीनच."

"अशी कशी तीन? मी लिहून ठेवलं ना. तुझ्याशी मागं बोलली तेव्हा तू म्हटलं, मी अन् एक पोरगी. अविनाशभाऊ ग्रोसरीत भेटले, ते म्हणे, मी अन् एक पोरगी. झाले का नाही चार?"

"अहो ताई, पोरगी एकच आहे. मी सांगितली तीच त्यांनीही सांगितली."

"हात्तिच्या," रामटेकेताई म्हणाल्या. "म्हणजे तुझीही पुरी अन् त्यांचीही पुरी, पण ताट एकच."

मी फोन ठेवला आणि तशीच ओट्याला टेकून उभी राहिले. तुझीही पुरी आणि त्यांचीही पुरी, पण ताट एकच. मला मुलं किती असं कुणी विचारलं तर मी एक म्हणते. अविनाशला विचारलं तर तोही एक म्हणतो. अर्धी अर्धी असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. आणि घरातली माणसं मोजायची तेव्हा ती एकदाच मोजायची. मी कुकरखालचा गॅस बंद केला, पाकीट पालथं केलं आणि क्लोरिन काढला. मधले दोन ह्याचेही दोन. त्याचेही दोन. दोघांचेही आठ आणि एकूण चौदाच. ती वाटणी नव्हतीच. त्या घरात भिंत नव्हती. मी बावीस वर्षं भिंत घालून मोजत बसले होते.

मग नायट्रोजन काढला. दोघांचे मिळून दहाच ठिपके, म्हणजे गरिबी किती. तर त्यांनी सहा मधे ठेवले, एकेक एकटी जोडी अंगाशी ठेवली, आणि दोघांचेही आठ झाले. मला रडूच आलं. सरांना मी विचारलेला प्रश्न बरोबर होता. उत्तर त्यांना सांगता येत नव्हतं, किंवा मला सांगावंसं वाटलं नव्हतं. दोन्हींपैकी काहीही असो, प्रश्न बरोबर होता.

दुसऱ्या दिवशी डायॅननं "एनी क्वेश्चन्स?" विचारल्यावर मी हात वर केला. हात वर करताना खांदा दुखला असं मला अजून आठवतं. मी म्हटलं, मधले इलेक्ट्रॉन दोघांसाठी पूर्ण मोजायचे आणि बेरजेत एकदाच, असं का? ती म्हणाली, "दॅट्स एक्झॅक्टली द राइट क्वेश्चन." होदाननं माझ्या दंडावर चापट मारली. पुढचा अर्धा तास डायॅन तेच समजावत होती, आणि मी त्यातलं निम्मंही ऐकलं नाही. माझ्या कानात नुसती घंटा वाजत होती.

इथे गोष्ट गोड करून संपवता आली असती. पण भीती एवढ्यावर जाणारी नव्हती. एक धडा कळला होता, बारा बाकी होते. परीक्षा एप्रिलच्या शेवटच्या गुरुवारी होती.

त्या गुरुवारी अविनाश म्हणाला, "मी सोडतो तुला. आज मला उशिरा जायचं आहे." रस्त्याकडेचा बर्फ काळा पडून वितळत होता, हिवाळाभर टाकलेली खडी चाकांखाली कुरकुरत होती.  मागच्या सीटवर त्याचा डबा होता. सोमवारपासून रोज डबा संपूर्ण खाऊन येत होता, एरवी पोळी उरवायचा. मी मनात म्हटलंही होतं की बरं झालं, भूक परत आली.

पेपरात अमोनियाची रचना आली. नायट्रोजन मधोमध, तीन हायड्रोजन, एक एकटी जोडी. मी ठिपके काढले, मोजले, पुन्हा मोजले. आठ. प्रत्येक वेळी वाटायचं की माझ्या नकळत दोन जास्तीचे आले असतील. अडीच तास जीव मुठीत धरून बसले आणि बाहेर आले, तर पार्किंगमध्ये आमची गाडी होती. सकाळी जिथे होती तिथेच. अविनाश स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसला होता, जणू गाडी चालूच आहे.

मी दार उघडून आत बसले. त्यानं विचारलं, "पेपर कसा गेला?"

मी म्हटलं, "तुम्ही ऑफिसला गेले नाही?"

"पेपर कसा गेला ते सांग आधी."

"बरा गेला."

मग त्यानं मान हलवली आणि म्हणाला, "सोमवारीच झालं. खोकं डिकीत आहे. तुझा पेपर होऊ द्यायचा होता." मंगळवारी आणि बुधवारी तो वेळेवर तयार होऊन, डबा घेऊन, आमच्या भागातल्या लायब्ररीत जाऊन बसला होता. डबा खाऊन संपवत होता, कारण डबा परत आला असता तर मी विचारलं असतं.  मला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटली सांगू? मी तीन रात्री त्याच्या समोर बसून जेवले आणि मला कळलं नाही, ह्याची.

दुःख वाटलं की अर्धं होतं, असं आपल्याकडे सगळे म्हणतात. दुःखाचं असेलही. भीतीचं तसं होत नाही. त्या गाडीत आम्ही दोघं बसलो होतो, भीती मधे होती, आणि ती त्याचीही पुरी होती, माझीही पुरी होती. तरी एवढं खरं, की पार्किंगमधून निघालो तेव्हा त्यानं गिअर टाकला आणि मी त्याच्या हातावर हात ठेवला, आणि दोघांनाही तो काढवेना. सिग्नलपर्यंत गाडी पहिल्याच गिअरमध्ये गुरगुरत गेली.

मला एकाहत्तर टक्के मिळाले. अविनाशला काम मिळायला दहा महिने लागले, आणि ते दहा महिने मी इथे लिहिणार नाही. आता मी एका वृद्धाश्रमात नर्स आहे. तिथे कुणी म्हातारी "मला काही विचारायचंय" म्हणाली, की मी हातातलं काम ठेवून तिच्याजवळ बसते.

तर मागच्या मंगळवारी मी चहा घेऊन टेबलाशी आले. प्रज्ञा नायट्रोजनपाशी अडली होती. मी तिला रामटेकेताईंची गोष्ट सांगितली: तू यादीत दोनदा लागली होतीस, तुझ्यामुळे मी पास झाले. ती हसली. मग सांगण्याच्या ओघात मी गाडीचंही सांगितलं. आजवर कधी तिच्यापुढे बोललो नव्हतो. सांगून झाल्यावर म्हटलं, "बाबांनी मला चार दिवस कळू दिलं नाही."

ती पेन्सिलीचं टोक बघत होती. म्हणाली, "आय न्यू."

"काय?"

"बाबा लायब्ररीत होते. आम्ही क्लासबरोबर बुक्स रिटर्न करायला गेलो होतो. ट्यूजडेला. ही वॉज ईटिंग हिज लंच इन द किड्स सेक्शन, आई. त्या छोट्या चेअरवर." मग म्हणाली, "त्यांनी मला पाहिलं नाही. मी बुकशेल्फच्या मागे गेले."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"यू हॅड केमिस्ट्री."

मंगळवार, बुधवार, गुरुवार. तीन दिवस ती अकरा वर्षांची पोर आमच्या दोघांच्या मध्ये बसून हॅमस्टरच्या गोष्टी सांगत होती. आणि आम्ही दाद देत होतो. मी इतकी वर्षं ती भीती मोजत आले होते ती दोघांचीच.

मी खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसले.  मी विचारलं, "तू खूप घाबरली होतीस का गं? थोडीशी तरी?"

"थोडीशी नाही," प्रज्ञा मराठीत म्हणाली. "पूर्ण."

मग तिनं कागद माझ्याकडे सरकवला आणि दोन नायट्रोजनच्या मधल्या सहा ठिपक्यांवर पेन्सिल टेकवून विचारलं, "हे दोघांसाठी मोजायचे ना?"

मी हो म्हटलं. आम्ही दोघी मिळून मोजायला लागलो.